ताप कधीपासून

आप्पा, मला ताप आला होता, आता बरा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी सांगायला बसलो की मूळ गोष्ट एकीकडे राहते आणि मी भलतीकडे जातो, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? तुम्ही गेलात तेव्हा मी चौदाचा होतो. त्याला पंधरा वर्षं झाली आणि या पंधरा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, मनातल्या मनातसुद्धा नाही. कारण लिहायला बसलो असतो तर पहिल्यांदा तेच लिहावं लागलं असतं. दवाखान्यात डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं, ताप कधीपासून आहे, आणि तुम्ही म्हणाला होतात, कालपासून. ताप पाच दिवसांपासून होता. हे मला माहीत होतं, मी खाटेला हात लावून उभा होतो, आणि मी गप्प बसलो. एवढीच गोष्ट आहे. ती सांगायला मला एक लस टोचून घ्यावी लागली, एक खोटी वही लिहावी लागली आणि कोकणात जाऊन यावं लागलं.

तुम्ही म्हणाल, कोकणात काय होतं. सांगतो. सध्या मी एका मित्राच्या टेम्पोवर असतो. त्याआधी आयटीआयला वेल्डिंग धरलं आणि सोडलं, मांडववाल्याकडे राहिलो, ट्रेकवाल्यांबरोबर गडावर कॉलेजची पोरं नेली, एका हॉटेलात टाय लावून दारात उभा राहिलो, तो टाय अजून आहे. राहतो बिबवेवाडीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत, जिथे दुपारी खाट आपोआप हलते. मित्र नर्सरीतली रोपं पोचवतो. मी त्याच्या शेजारी बसून गप्पा मारतो आणि कुंड्या उतरवायला हात लावतो. तर मागच्या वर्षी एका मोठ्या हॉस्पिटलात शोभेच्या कुंड्या द्यायला गेलो होतो. दोन्ही हातांत एकेक पाम, लिफ्ट बंद, म्हणून जिन्यात थांबलो दम खायला, आणि समोर भिंतीवर कागद. श्वसनमार्गाच्या विषाणूजन्य आजारांवरच्या नव्या लसीचा अभ्यास चालू आहे, निरोगी स्वयंसेवक पाहिजेत. मी कुंड्या तिथेच ठेवल्या आणि आत गेलो. मित्र खाली हॉर्न वाजवत बसला. नंतर म्हणाला, "तुला कुंड्या ठेवायला पाठवला होता, स्वतःला ठेवून आलास."

आत एक सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला लावलेला, शनिवार पेठेतल्या. पेठ त्यांनी सांगितली नव्हती, पण पाच मिनिटं बोलल्यावर समजली. त्यांनी पुढ्यात मराठीतला जाडजूड कागदांचा गठ्ठा ठेवला आणि तो सगळा माझ्याबरोबर बसून वाचला. पान उलटलं की विचारायच्या, "काय समजलं? तुमच्या शब्दांत सांगा." शाळेत असं कुणी विचारलं असतं तर मी कदाचित थांबलो असतो. निम्म्या लोकांना खरी लस मिळणार, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे मलाही कळणार नाही आणि टोचणाऱ्यालाही नाही. मग थंडी-पावसाच्या सगळ्या दिवसांत रोज संध्याकाळी ताप मोजून वहीत लिहायचा, सर्दी, घसा, खोकला यांच्यापुढे हो किंवा नाही अशी खूण करायची. काही झालं तर लगेच फोन, आणि तीन दिवसांच्या आत नाकातला नमुना द्यायला यायचं. एका पानावर लिहिलं होतं की तुम्ही हा अभ्यास कधीही, कुठलंही कारण न देता सोडू शकता. मी ते दोनदा वाचलं. सिस्टरना म्हटलं, "खरंच कारण नाही द्यायचं?" त्या म्हणाल्या, "नाही. पण तुम्ही आत्तापासूनच शोधू नका." आप्पा, सोडून गेलात तरी चालेल असं लिहिलेला तो माझ्या आयुष्यातला पहिला कागद होता. म्हणूनच असेल, मी थांबलो. आजपर्यंत कशातही इतका थांबलो नव्हतो.

वही आणि डिजिटल थर्मामीटर घेऊन खोलीवर आलो तेव्हा पहिल्यांदा तुमची आठवण आली, आणि ती मी झटकून टाकली. पण ती जाते कुठे? उसाच्या संशोधनाच्या फार्मवर, तारेच्या कुंपणात, तुमची ती पांढरी झडपांची, आत हवेचे थर्मामीटर असलेली पेटी मला दिसतेच आहे. तुम्ही कामाला लागलात ते फार्मवर पाणी धरायला. मग कुणा साहेबांच्या लक्षात आलं की हा माणूस जे बघतो तेच सांगतो, आणि तुम्हाला हवामानाच्या पेटीचं काम दिलं. सकाळी सातला एकदा, दुपारी दोनला एकदा. मी सुट्टीत तुमच्या मागे मागे येतोय. तुम्ही चपला कुंपणाबाहेर काढता, देवळाबाहेर काढाव्यात तशा. पेटीचं दार उघडायच्या आधी श्वास रोखता. "उच्छ्वास लागला तर पारा चढतो," तुम्ही मला आधी सांगून ठेवलंय, कारण आत बोलायचं नसतं. गुडघे थोडे वाकवून डोळे बरोबर पाऱ्याच्या रेषेत आणता. आधी पॉइंटानंतरचा आकडा वाचायचा, मग पूर्ण आकडा. मी विचारलं होतं, उलटं का? तर म्हणालात, "आपल्या अंगाच्या धगीनं पयला पॉइंटच हालतो. मोठा आकडा कुटं पळून जात न्हाई." मग लिहायचं, आणि लिहिल्यावर पुन्हा एकदा बघायचं. सहावी शिकलेला माणूस तुम्ही, पण ते रजिस्टर असं लिहायचात की साहेब लोक पाहुण्यांना दाखवायचे.

त्या रजिस्टरात एकच आडवी रेघ होती. ती माझी. मी दहा वर्षांचा. तुम्हाला हडपसरला एका मयताला जावं लागलं आणि दुपारचं दोनचं वाचन तुम्ही माझ्यावर सोपवलंत. मी निघालोही वेळेवर. वाटेत कॅनॉलमध्ये एक ट्रॅक्टर तिरका होऊन फसला होता आणि तो काढायला दुसरा ट्रॅक्टर आणला होता, तोही फसला. तुम्हीच सांगा, कोण गेलं असतं तिथून? पेटीपाशी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. आदल्या दिवशीचा आकडा बघितला, त्याच्या आदल्या दिवशीचा बघितला, आणि दोनच्या रकान्यात लिहून टाकलं, चौतीस पॉइंट सहा. पॉइंट सहा लिहिताना मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं, नुसतं चौतीस लिहिलं असतं तर संशय आला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पेटी उघडली. त्यात एक थर्मामीटर असा होता जो दिवसभरातला सगळ्यात जास्त आकडा धरून ठेवतो. तो बत्तीसच्या थोडा वर थांबला होता, कारण आदल्या दुपारी ढग आले होते, जे मी ट्रॅक्टर बघताना बघितलेच नव्हते. तुम्ही रजिस्टर बघितलं, थर्मामीटर बघितला, माझ्याकडे बघितलं. "हवेपेक्षा तुला जास्त कळतंय व्हय?" एवढंच. मारलं नाहीत. माझ्या आकड्यावर एक रेघ मारलीत, शेजारी छोटी आडवी रेघ काढलीत, म्हणजे वाचन झालं नाही, आणि खाली स्वतःची सही केलीत. साहेबांना म्हणालात, माझ्याकडून ऱ्हायलं. ते मी ऐकलं. दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत आणि मला वाटलं होतं की मी आता आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिणार नाही.

आता कोकण. मित्राला आंब्याची कलमं पोचवायची होती, देवगडच्या बाजूला. देवगडला आंब्याची कलमं! मी म्हटलं, हे बघायलाच पाहिजे, जाऊन येऊ एका दिवसात. थर्मामीटर खिडकीत राहिला. एका दिवसाचे सहा झाले. आधी टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, मग ज्यांना कलमं दिली त्यांनी जेवायला ठेवून घेतलं, मग त्यांच्या गावात कसलीशी जत्रा निघाली, मग मीच म्हटलं, आलोय तर राहू. चौथ्या दिवशी सकाळी अंग मोडून आलं, घसा असा की थुंकी गिळवेना. दुपारी थंडी वाजली. मित्राने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "अरे, तवा झालाय तुझा." मी एक गोळी घेतली आणि पडून राहिलो. सिस्टरना फोन करायला पाहिजे होता. पण फोन केला असता तर पहिला प्रश्न आला असता, किती आहे, आणि मोजायला होतं काय माझ्याकडे? म्हणून म्हटलं, पुण्याला पोचल्यावर बघू.

सहाव्या दिवशी संध्याकाळी खोलीवर पोचलो. आधी ताप मोजला, एकशे एक पॉइंट तीन. आणि मग, आप्पा, मी वही उघडली आणि मागचे पाच दिवस भरले. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. एक दिवस सत्त्याण्णव पॉइंट नऊ, अगदी सारखं दिसू नये म्हणून. घसा नाही, खोकला नाही, सर्दी नाही. दोन वेगळी पेनं वापरली. अंगात ताप असताना हे सुचलं, तर बरा असताना मी काय केलं असतं कोण जाणे. मला भीती एकच होती, काढून टाकतील. सोडायला मला कधीच काही वाटलं नाही, पण काढून टाकलं जाणं वेगळं. एक गोष्ट मी धरून ठेवली होती तीही हातची जाईल असं वाटलं. सहाव्या दिवसासमोर खरा आकडा लिहिला आणि सिस्टरना फोन केला. म्हटलं, "आज ताप आलाय." त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी नऊला या. मास्क लावून. रिक्षाने या, गाडीवर हिंडत येऊ नका."

मी स्कूटरवरच गेलो. सिस्टरनी नाकात ती काडी घातली, इतकी आत की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग वही बघितली. पान उलटलं. चष्मा वर केला. म्हणाल्या, "वा. इतकी नीट वही कमी लोक ठेवतात हो. नाहीतर एकेक जण असे असतात, सगळा आठवडा एका बैठकीत भरून आणतात." मी म्हटलं, असं का. मग डॉक्टर आल्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, घाईत नसणाऱ्या. खुर्ची ओढून समोर बसल्या, पेन काढलं आणि विचारलं, "ताप कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "कालपासून."

आणि मी त्या दुसऱ्या दवाखान्यात उभा आहे. तुम्ही खाटेवर टेकून बसलाय, बोलताना मधेच थांबताय, श्वास पुरत नाहीये. एका बाजूला आई, एका बाजूला मी. तिथला डॉक्टर विचारतो आणि तुम्ही म्हणता, कालपासून. आणि माझ्याकडे बघताही नाही. चार दिवस आधी, सकाळी सात वाजता, पेटीचं दार लावायला तुम्ही मला सांगितलं होतंत. कधी सांगत नव्हता. मी जवळ आलो तर तुमचा हात माझ्या हाताला लागला आणि चटका बसला. मी म्हटलं, आप्पा, ताप हाय तुमाला. तुम्ही म्हणालात, "आईला सांगू नको. उगं जिवाला घोर." मी नाही सांगितलं. पाच दिवस तुम्ही सकाळ-दुपार पेटीपाशी जात होता आणि मी सोबत येत होतो, तुमची पिशवी धरून. मला तेव्हापासून वाटत आलं की याचं कारण मला ठाऊक आहे. रजिस्टरात एक आडवी रेघ होती, माझ्यामुळे पडलेली. दुसरी पडू नये म्हणून तुम्ही रजा घेतली नाहीत. मी ट्रॅक्टर बघत उभा राहिलो नसतो तर तुम्ही झोपून राहिला असता, दवाखान्यात लवकर गेला असता. हे मी कुणाला सांगितलं नाही. एका जागी बसलं की हेच समोर यायचं, म्हणून बसायचोच नाही.

तपासून झालं. डॉक्टर म्हणाल्या, दुसराच दिवस आहे म्हणजे चांगलं आहे, औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दोन दिवसांत जास्त होतो. चिठ्ठी दिली. मी खाली आलो, टपरीवर चहा सांगितला, क्रीमरोल घेतला, आणि तो खाता येईना. मला आठवलं की हेल्मेट वर राहिलंय. खरं सांगतो, मी हेल्मेट आणायला वर गेलो, आणखी कशाला नाही. सिस्टर हेल्मेट हातात घेऊन दारातच उभ्या होत्या. "हे डोक्यावर घालायचं असतं, खुर्चीवर नाही." मी हेल्मेट घेतलं आणि म्हटलं, "मॅडम, वही खोटी आहे."

त्यांनी मला आत घेतलं, दार लावलं. मी सगळं सांगितलं. देवगड, कलमं, पाटा, पेनं. पेनांचं ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला. "दोन पेनं! म्हणजे आम्ही स्वयंसेवक समजत होतो आणि नेमला होता कादंबरीकार." मग डॉक्टरांना बोलावलं. मी उभाच होतो. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे आज चौथा दिवस?" आणि मला परत टेबलावर बसवून छातीला, पाठीला नळी लावली. मघाशी ऐकलं होतं त्यापेक्षा खूप वेळ ऐकत राहिल्या. बोटाला चिमटा लावला. छातीचा फोटो काढायला पाठवलं. परत आलो तर म्हणाल्या, "छाती स्वच्छ आहे. पण हे मला सकाळी कळायला हवं होतं, आमच्या अभ्यासासाठी नंतर, आधी तुमच्यासाठी." मी विचारलं, काढणार का मला? त्या म्हणाल्या, "काढून काय करू? जे झालं ते झालं असं लिहावं लागेल, नियम मोडल्याचा एक कागद वेगळा भरावा लागेल, तो वरपर्यंत जाईल. तुम्ही पाच दिवस मोजलं नाही, हे चालेल आम्हाला. लोक विसरतात, गावाला जातात. न मोजलेला दिवस आम्हाला न मोजलेला म्हणून पाहिजे. तुमचे अठ्ठ्याण्णव तसेच राहिले असते तर लस चांगली की वाईट, हे ठरवताना ते मोजले गेले असते."

सिस्टरनी वही माझ्यापुढे सरकवली. "खोडायचं नाही, गिरवायचं नाही. आतला आकडा वाचता आला पाहिजे. एक रेघ मारा. शेजारी लिहा, मोजलं नाही. सही, आजची तारीख. पाचही दिवस." मी पहिल्या आकड्यावर रेघ मारली आणि मला हसू आलं, आणि मग हसू राहिलं नाही. सिस्टरना वाटलं ताप चढला. त्यांनी पाणी दिलं. तेव्हा मी तुमच्याबद्दल बोललो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा, एका परक्या बाईजवळ, रक्त पुसायच्या कापसाच्या गोळ्यांचा डबा समोर ठेवून. डॉक्टरही तिथेच होत्या. मी त्यांना विचारलं, आम्ही पाच दिवस म्हणून सांगितलं असतं तर? त्यांनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही. त्यांना मी तपासलेलं नाही. फरक पडला असता असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि नसता पडला म्हटलं तर तेही." मला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल, तुझी चूक नाही बाळा. तसं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मला बरं वाटलं. ज्याचं वाचन झालं नाही त्यापुढे त्यांनी आकडा लिहिला नाही.

आठ दिवसांनी, ताप-खोकला सगळं जाऊन, मी मांजरीला आलो. आईकडे. आपल्या घरासमोर ऊस होता तिथे आता अकरा मजले उभे राहिलेत, आई त्यांतल्या दोन घरी पोळ्या करायला जाते आणि लिफ्टने जायला घाबरते. मी आलो तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "वाळलास. कुटं हुंदडत व्हतास?" मी समोर बसलो, मेथी ओढली, निवडायला लागलो, आणि काड्यांसकट पानं टाकत टाकत सांगितलं. म्हटलं, आई, आप्पांना कालपासून ताप नव्हता. पाच दिवस होता. मला माहीत होतं.

आईचा हात थांबला नाही. म्हणाली, "सा."

"काय सा?"

"सा दिस. तुला एक दिस उशिरा कळलं." तिने माझ्यापुढून मेथी काढून घेतली, कारण मी नासत होतो. "उशी भिजायची घामानं. मी म्हणलं, चला दवाखान्यात, तर म्हणले, पोराला सांगू नको, त्याची परीक्षा हाय."

"माझी परीक्षा नव्हती तेव्हा."

"आता कळलं मला. आन् तुला काय म्हणले?"

"आईला सांगू नको."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. मग तिला हसू फुटलं, आप्पा. पदर तोंडाला लावून हसायला लागली. "खाटंच्या हिकडं मी गप. तिकडं तू गप. आन् मदी हे शाणे बसलेत, कालपास्नं!" मीही हसलो. मग ती रडली थोडी, मी उठून पाणी दिलं, ते तिने प्यायलं नाही. ती म्हणाली, "मी मंजी इतकी वर्सं म्हणते, मी बोलले न्हाई म्हणून." आणि मी म्हटलं, नाही गं, माझ्यामुळे, ती रजिस्टरातली रेघ, दुसरी पडू नये म्हणून त्यांनी. तिला काही कळेना. मी ट्रॅक्टरपासून सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा असा होत गेला की याला काय म्हणावं.

"कसली रेग आन् कसलं काय," ती म्हणाली. "सुईला भ्यायचे तुजे आप्पा."

मी म्हटलं, काय?

"सुईला. इंजेक्शनला. लग्नाच्या आदीपास्नं. तुज्या येळंला मला सुई दिली तर हे भाईर जाऊन वट्ट्यावर बसले, घेरी आल्यासारखं झालं त्यांना. कुत्रं चावलं व्हतं एकदा, तर दोन सुया घेऊन आले आन् बाकीच्याला गेलेच न्हाईत. त्या रजिस्टराचा न् तुजा काय संबंद? दवाखान्यात गेलं की टोचत्यात, एवढंच ठावं त्यांना. म्हणून तुला एक सांगितलं न् मला एक."

आप्पा, मी तिथे मेथीच्या काड्यांत बसलो होतो आणि मला आतून असं हलकं झालं की भूकच लागली. तिने भाकरी टाकल्या, मी चार खाल्ल्या. तुम्ही माझ्यामुळे नाही, एका सुईमुळे दवाखाना टाळलात! हे काही चांगलं कारण नाही. थोडा राग अजून आहे. हवेचा पॉइंटसुद्धा न सोडणारा माणूस, आणि स्वतःच्या बाबतीत दोन माणसांना दोन खोट्या गोष्टी सांगतो. पण आता हा राग तुमच्यावर आहे, माझ्यावर नाही, आणि तुमच्यावरचा राग मला झेपतो. कधी कधी मी त्या सहा दिवसांच्या वाचनाचा विचार करतो. तुम्ही श्वास रोखला असेल, पण अंग तापलेलं, तोंड पेटीच्या इतकं जवळ. त्या आठवड्यात एखाद-दुसऱ्या आकड्यात, पॉइंटानंतर, हवेबरोबर थोडा तुमचा ताप लिहिला गेला असेल. कुणाला कळणार नाही. रजिस्टर कुठेतरी कपाटात असेल आणि ते बरोबरच धरलं जात असेल.

हे मी पुन्हा मांजरीला येऊन लिहितोय, आईच्या ओट्याशी उभं राहून, कारण बसायला जी खुर्ची आहे तिच्यावर तिने पापड वाळत घातलेत. दुपार आहे. लिहून झालं की काय करायचं ते ठरवलेलं नाही. तुमचा पत्ता असता तरी मी पोस्टात जाताना वाटेत काहीतरी बघत उभा राहिलो असतो. बहुधा घडी घालून पिठाच्या डब्याच्या मागे ठेवीन. आईला वाचायला यायला लागलंय, शेजारच्या इमारतीतल्या एका मुलीने शिकवलं. वाचलं तर वाचलं. लस होती की मिठाचं पाणी ते अजून कुणालाच माहीत नाही. सगळ्यांचं सगळं झाल्यावर सांगतील म्हणाले. तोवर मी वही भरतोय. मध्ये दोन दिवस बारामतीला अडकलो होतो तर दोन रकान्यांत सरळ लिहिलं, मोजलं नाही. सिस्टर म्हणाल्या, प्रगती आहे.

एक राहिलंच. येत्या मंगळवारी रक्त द्यायला जायचंय, चार नळ्या काढतात. तुमचं ऐकून हसलो खरा, पण पहिल्या दिवशी दंड पुढे करताना मी सिस्टरच्या टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की त्यांनी एकेक बोट सोडवलं. दर वेळी मी उलट्या बाजूला तोंड करून पडद्यावरची फुलं मोजतो. काल हे आईला सांगितलं. एकोणतीस वर्षांचा घोडा, म्हणाली. मग म्हणाली, किती वाजता निगायचं, मी येते.